टाकीत आणलेली चिलापी नदीतून कमी झाली का?

मोलगीच्या एका विद्यार्थ्याने पीएच.डी. प्रवेशासाठी लिहिलेला संशोधन आराखडा मला वाचायला पाठवला. त्याच्या परवानगीनेच त्यावर लिहितेय. त्यातली मुख्य चूक माझ्याही पहिल्या आराखड्यात होती, आणि तुमच्याही असण्याची शक्यता बरीच आहे.

कल्पना अशी. मोलगीहून डोंगर उतरून नर्मदेकडे गेलं की सरदार सरोवराचं फुगवट्याचं पाणी लागतं. तिथल्या जाळ्यात त्याला चिलापी, म्हणजे तिलापिया, दिसली. ती परदेशी आणि पसरणारी. मग शाळेतल्या मुलांनी आणि हौशी लोकांनी तिची पिल्लं पकडून घरी काचेच्या टाकीत पाळावीत. मुलांना मासा जवळून कळेल, आणि पाण्यातली चिलापी कमी होऊन स्थानिक मासे वाचतील. यश कशावरून ठरवायचं? वर्षभरात किती पिल्लं काढली त्यावरून.

वाचायला छान वाटतं. आता 'कमी होऊन' या दोन शब्दांवर बोट ठेवा.

काढलेल्या माशांचा आकडा तुमच्या मेहनतीचा असतो, पाण्यात काय झालं याचा नसतो. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं पोहायला लागल्यावरही धोका दिसला की ती त्यांना परत तोंडात घेते. एका खेपेला शेकडो पिल्लं होऊ शकतात, आणि उबदार पाण्यात वर्षातून अशा अनेक खेपा. तरीही त्यातली बहुतेक मोठी होत नाहीतच. म्हणजे मुलांनी बादलीत भरलेली पिल्लं बऱ्याच अंशी तशीही मेलीच असती. शिवाय गर्दी कमी झाली की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, आणि मोठी मादी जास्त अंडी घालते. पाचशे पिल्लं काढूनही पुढच्या वर्षी संख्या तीच राहू शकते. आराखड्यात हे कळण्याची सोयच नाही, कारण पाण्यात उरलेले मासे कुणी मोजणारच नाहीये.

मग मोजायचे कसे? जुनी आणि साधी पद्धत आहे. तेच जाळं, तीच जागा, तेवढाच वेळ, आणि दर खेपेला किती मासे आले याची नोंद. काढलेल्या माशांची बेरीज वाढत जाते तसं दर खेपेला येणारे मासे घटत गेले, तर त्या उतारावरून मुळात किती होते याचा अंदाज बांधता येतो. पण अट एक आहे: मोजणी चालू असताना नवे मासे आत यायला नकोत, आतले बाहेर जायला नकोत. सरदार सरोवरात हे शक्य नाही. १३८.६८ मीटर उंचीचं ते धरण, फुगवटा कित्येक किलोमीटर, आणि पातळी सतत वरखाली होते. अशा पाण्यातून चार बादल्या काढून कुठलाही उतार दिसणार नाही.

दुसरी अडचण ओळखीची. आराखड्यात जात ठामपणे लिहिली आहे, ओरिओक्रोमिस मोसांबिकस. पुरावा म्हणून मोबाइलवर काढलेला एका पिल्लाचा फोटो! ही जात भारतात १९५२ साली आणली गेली. पुढे नाइल तिलापियाही आली. मोठ्या नाइल तिलापियाच्या शेपटीवर उभे पट्टे असतात, पण पिल्लांत असा फरक ओळखणं अवघड, आणि दोघींचा संकर होतो तो वेगळाच. हा तांत्रिक किस काढणं नाही. मोझांबिक तिलापिया जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक उपऱ्या जातींच्या यादीत आहे, आणि आफ्रिकेतल्या तिच्या मूळ घरी याच संकरामुळे ती स्वतः धोक्यात आलेली आहे. कुठली चिलापी, हे न ठरवता पुढचं एकही वाक्य उभं राहत नाही. (जाता जाता: आराखड्यात 'सिक्लिड' आणि 'परदेशी' हे शब्द एकाच अर्थाने आलेत. कोकणातली कालुंदर सिक्लिडच आहे, आणि ती इथलीच.)

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकला. मारलेला किंवा खाल्लेला मासा पाण्यातून कायमचा जातो. टाकीतला जिवंत असतो. चिलापी टाकीत मुळं उपटते, खड्डे करते, सोबतच्या माशांना मारते, आणि बघता बघता वीतभर होते. तेव्हा त्या मुलाने काय करायचं, यावर आराखड्यात एक ओळ नाही. मुलाला मासा मारवत नाही. तो जवळच्या नाल्यात सोडतो. फुगवट्यातला मासा अशा रीतीने डोंगरावरच्या, आजवर चिलापी नसलेल्या ओढ्यात पोचेल. काढण्याचा प्रकल्प पसरवण्याचा होईल. नियंत्रणच हवं असेल तर बाजारातल्या पाटीवरची चिलापी घरच्या टाकीतल्या चिलापीपेक्षा जास्त काम करते. ज्यांची जमीन बुडाली त्या गावांत मासेमारी हे पोटाचं साधन आहे, त्यामुळे 'उपद्रवी मासा' लिहिण्याआधी तो कोण विकतं आणि कोण खातं, हेही विचारायला हवं.

त्याला मी लिहिलं ते असं. फुगवटा सोड. उन्हाळ्यात ओढा आटून सुटे पडतात असे, चिलापी असलेले डोह शोध. निम्म्यांतून ती काढ, उरलेल्यांना हात लावू नकोस, आणि दोन्हींत स्थानिक मासे आधी आणि नंतर मोज. काढलेली चिलापी गावाला खायला दे. टाकी ठेवायचीच असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, झाकण लावून, आणि शेवटी त्या माशांचं काय करणार हे पहिल्या पानावर लिहून.

त्याचं उत्तर आलंय: पावसाळ्यात डोह परत जोडले गेले की सगळं पहिल्यासारखंच होणार ना, ताई? आराखड्यातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हा प्रश्न चांगला आहे. त्याला म्हटलं, आता याच्यावर लिही.