दाराला बेल नाही त्या घरातली बाई

कवितेची समीक्षा आपण करतो, कथेची करतो. पोस्टरची कोणी करत नाही. कंपन्यांच्या फाउंडेशनांची पोस्टरं आता जागोजाग लागतात. मी ज्या गिरणीत रात्रपाळी करतो तिच्या कॅन्टीनजवळही एक आहे : 'स्त्रीवरील हिंसा थांबवा.' म्हणणं खोटं नाही. पण पोस्टर हेही वाङ्मयच. त्यात कोणाला घेतलंय आणि कोणाला वगळलंय, हे तपासलंच पाहिजे.

या वळणाची सगळ्यात गाजलेली जाहिरात घेऊ. २००८ साली 'ब्रेकथ्रू' या संस्थेने 'बेल बजाओ' मोहीम काढली. जाहिराती ओगिल्व्ही कंपनीने केल्या. शेजारच्या घरातून बाईला मारल्याचा आवाज येतो. शेजारी उठतो, बेल वाजवतो, थोडं दूध मागतो. बस्स, एवढंच. भाषण नाही, रडारड नाही. पुरुषाने पुरुषाला त्याच्या दारात जाऊन थांबवायचं, हा विचार मी मानतो. निळा झेंडा लावलेल्या घरातूनही असा आवाज येतो आणि बाहेर चारजण 'त्यांच्या घरची भानगड' म्हणत बिडी ओढत बसतात. तिथं ही जाहिरात आपल्यालाही लागू आहे. त्यातून पळायचं नाही.

पण कातकऱ्याच्या कुडाच्या घराला बेल लावायची कुठं? तिथला आवाज अख्ख्या वाडीला ऐकू जातो. आणि मारणारा काय नेहमी नवराच असतो? मुकादम असतो, ठेकेदार असतो, गावचा बडा माणूस असतो. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबाच्या दारात गावातला जमावच आला होता. तिथं बेल कोणी वाजवायची? जाहिरातीत एक घर, एक नवरा, एक बायको. जात गायब. मजुरी गायब.

मजुरी म्हणाल तर आमच्या धसई-मुरबाड-शहापूरकडं या. पावसाळा सरला की कातकरी जोडपी वीटभट्टीवर निघतात. बयाणा नवऱ्याच्या हातात पडतो, फेडायचा मात्र दोघांनी. हिशेब जोडीचा. मार खाऊन ती निघाली तर नवरा सुटतो, पण मालकाचा बयाणा मोडतो. म्हणजे तिला धरून ठेवणारे दोघं. एक पोस्टरवर आहे, दुसरा नाही.

आता कायद्याकडं बघा. मथुरा, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली अत्याचार झालेली आदिवासी मुलगी. सुप्रीम कोर्टाने १९७८ ला पोलिसांना सोडलं, देश पेटला आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. भंवरीदेवी, राजस्थानातल्या भटेरीची कुंभार समाजातली बाई. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ ला तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने १९९५ ला आरोपींना निर्दोष सोडलं. त्या रागातून १९९७ चा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३ चा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. आज कंपन्या ज्या तक्रार समितीचा फलक लावतात, त्याची किंमत या बायांनी मोजलीय. पोस्टरवर त्यांचा चेहरा कधी पाहिलात?

आणि पैसा कुठून येतो? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायला लावलं. स्त्री-सक्षमीकरण त्या यादीत आहे. पण नियमाप्रमाणे फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. बरोबरच आहे, कामगाराचा हक्क समाजकार्यात मांडू नये. पण घडतं काय? गेटबाहेर सत्कार, फोटो, शिलाई मशीन. गेटच्या आत ठेक्यावरच्या बाईला काय मिळतं, ते त्या अहवालात विचारायचंच नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ सालीच सोडवला होता. मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा ते म्हणाले, भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बाई कामाला ठेवून मालकाला फायदा होतो म्हणून त्याच्यावरही वाटा टाकणं रास्त आहे. १९२९ ला कायदा झाला. मालकाच्या मर्जीवर सोडलं नाही. त्यांनी त्याला देणं म्हटलं, फाउंडेशन त्याला देणगी म्हणतं. सगळा फरक इथंच आहे.

म्हणून धनिकाचा पैसा आला की थुंकायचं, असं मी म्हणत नाही. टाटांच्या ट्रस्टने १९३६ ला उभी केलेली समाजविज्ञान संस्था, तिने १९८४ ला मुंबई पोलिसांत महिलांसाठी विशेष कक्ष काढला. समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आत जाऊन बसली. हे काम मी मानतो. मार खाल्लेली बाई फिर्याद द्यायला येते, तिथंच कोणीतरी तिच्या बाजूचं बसलेलं असतं.

उलट धसईत काय झालं? १ डिसेंबर २०१६ ला गाव 'कॅशलेस' जाहीर झालं. अर्थमंत्री आले, बँकेने दुकानदारांना कार्ड घासायची मशिनं दिली, पेपरात फोटो. कोणी विचारलं का, बाईने तांदळाच्या डब्यात लपवलेल्या नोटा कशासाठी असतात? रात्री मार खाल्ला तर सकाळी माहेरी जायचं ते एस.टी.चं भाडं असतं.

तेव्हा उद्या एखादं फाउंडेशन बॅनर घेऊन आलं तर हाकलू नका. बसवा, चहा पाजा आणि विचारा. तुमच्या कंपनीत ठेक्यावर बाया किती, आणि तक्रार समितीत त्यांच्यातली कोण? भट्टीवरच्या बाईचा बयाणा तिच्या नावावर वेगळा लिहावा, यासाठी मालकापुढं आमच्याबरोबर उभे राहाल का? अ‍ॅट्रॉसिटीची केस लढणाऱ्या बाईचं कोर्टात जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्याल का?

आणि आपल्यासाठी एक काम. कामाच्या जागच्या छळाची तक्रार घ्यायला तालुक्याला नोडल अधिकारी असावा असं तो २०१३ चा कायदा सांगतो. मुरबाडला आणि शहापूरला तो कोण, हे तहसीलमध्ये लेखी विचारायचं. उत्तर मिळालं की नाव कागदावर लिहून प्रत्येक भट्टीवर वाचून दाखवायचं. त्यासाठी कोणाची देणगी लागत नाही.

जय भीम.