नाच कोणाचा, आवाज कोणाचा?

मर्स कनिंगहॅम आणि जॉन केज यांचा ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ (न्यूयॉर्क, १९६५) आम्ही १९६६ साली हॅम्बुर्गला केलेल्या चित्रफितीत पाहिला. रंगमंचावर अँटेना उभ्या आहेत. नर्तक जवळ आला की अँटेना आणि शरीर यांच्यातील विद्युतधारिता बदलते व आवाजाला चालना मिळते. (रेडिओच्या एरियलजवळ हात नेल्यावर खरखर बदलते, ती याच जातीची.) कल्पना विलक्षणच! पण तो आवाज ऐकू येतो वादकांनी नियंत्रकावर चढवून, उतरवून, कधी गाळून. त्यामुळे कोणत्या पावलाने काय वाजले, हे उमगतच नाही. थेरेमिन वाद्यात हात अँटेनेजवळ नेताच स्वर चढतो. तिथे कार्यकारणभाव कानाला कळतो. नृत्य आणि संगीत परस्परांपासून मोकळे असावे, हाच या दोघांचा आग्रह होता, हे मान्य. मग नर्तकाला खटका कशाला बनवायचे? ही फीत वर्गात दाखवायची तर आधी थेरेमिन ऐकवावे.