राजकीय व्यंगचित्र आणि त्याचा वाचक : शंकर यांच्या एका चित्राच्या निमित्ताने

प्रासंगिक घटनेवरील व्यंगचित्र स्वयंपूर्ण असते, असा एक समज रूढ आहे. चित्राचा अर्थ पाहताक्षणी उमगला पाहिजे, त्यास भाष्याची जोड द्यावी लागली तर तेथेच चित्रकाराचा पराभव झाला, हे मत इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. वस्तुतः अशा चित्राचा अर्धा मजकूर चौकटीबाहेर, त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात असतो. वाचकाने तो आधीच वाचलेला असतो, म्हणूनच चित्र त्यास क्षणार्धात कळते. तो मजकूर विस्मृतीत गेला म्हणजे चित्र मुके होते असे नव्हे. ते दुसरेच काही बोलू लागते. शंकर यांच्या एका चित्राचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

के. शंकर पिळ्ळै यांच्या 'शंकर्स वीकली' ह्या साप्ताहिकात हे चित्र २८ ऑगस्ट १९४९ रोजी प्रसिद्ध झाले. 'संविधान' असे नाव दिलेल्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेले आहेत. त्यांच्या हाती चाबूक आहे. पाठीमागे पंडित नेहरू उभे असून त्यांनीही चाबूक उगारला आहे. भोवती गंमत पाहत असलेला लोकसमुदाय आहे. घटनानिर्मितीस फार विलंब लागत आहे, ही त्या काळची तक्रार चित्राचा विषय होय. पुढे २००६ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हेच चित्र आले आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारने चित्र मागे घेण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही, हे सांगून तो विषय बाजूस ठेवता येतो. समीक्षेपुढील प्रश्न निराळा आहे.

त्या वादात चित्राच्या समर्थकांचे मुख्य म्हणणे असे होते की, चित्र त्याच्या काळाच्या संदर्भात पाहावे; दोन्ही चाबूक गोगलगायीवर उगारलेले आहेत, व्यक्तीवर नव्हेत. हे म्हणणे खोटे नाही. परंतु संदर्भाचा आग्रह धरणाऱ्यांनी तो संदर्भ पुरता तपासला, असेही दिसत नाही. विलंबाच्या आरोपास खुद्द डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात उत्तर दिले आहे. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली, पण तिची कलमे सात; भारताची ३९५. कॅनडास सुमारे अडीच वर्षे लागली, ऑस्ट्रेलियास नऊ. शिवाय त्या देशांच्या घटनाकारांपुढे दुरुस्त्यांचा प्रश्नच नव्हता. येथे मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समितीस एका सभासदाने इंग्रजी शब्दावर कोटी करून 'वाहवत जाणारी समिती' असे नवे नाव बहाल केले होते. त्याचाही समाचार ह्या भाषणात घेतलेला आहे.

म्हणजे, संदर्भ लक्षात घेतला तर चित्र निर्दोष ठरण्याऐवजी दुबळे ठरते. विलंब, असलाच तर, एका संपूर्ण सभागृहाच्या विचारविनिमयाचा होता. चित्रात तो एका स्वाराच्या आणि त्याच्या वाहनाच्या माथी मारला गेला. चालू घटनेवरील व्यंगचित्राने लोकप्रवादाच्या पलीकडे एक पाऊल तरी टाकावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. येथे शंकर यांनी बाजारातली कुरकुर उचलली आणि तिला रेषेचे रूप दिले. रेषा सफाईदार आहे. विचार उसना आहे.

प्रतीकही उसनेच आहे. गोगलगाय म्हणजे मंदगती, हा संकेत इंग्रजी भाषेचा. 'गोगलगायीच्या गतीने' असे आज मराठीतही लिहिले जात असले, तरी मराठी मनात गोगलगाय म्हटले की 'पोटात पाय' आठवतात : वरून गरीब, आतून कावेबाज. संथपणासाठी मराठीला कासव आहे, मुंगीचे पाऊल आहे. इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या १९४९ च्या मर्यादित वर्गास जे प्रतीक निःसंदिग्ध होते, ते देशी भाषांतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्यासही तसेच वाटेल, हे गृहीत धरता येत नाही.

खरा प्रश्न चाबकाचा आहे. शंकर यांच्या लेखी चाबूक हे घाईचे चिन्ह होते. ज्या समाजाच्या स्मृतीत तो वेठीचे आणि मारहाणीचे साधन म्हणून शिल्लक आहे, त्या समाजातील वाचकास एका ब्राह्मण पंतप्रधानाने दलित नेत्याच्या पाठीमागे उगारलेला चाबूक आणि हसरा समुदाय दिसला, तर त्याने चित्र चुकीचे वाचले असे म्हणणे धाडसाचे होईल. रचनेनेच त्यास तेथे नेले आहे. उन्नमति श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९५६ ह्या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतून डॉ. आंबेडकरांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून २०१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती एकत्र पाहिली म्हणजे गोगलगायीचे चित्र एकाकी राहत नाही. तो त्या काळच्या संदर्भाचाच भाग आहे, आणि समर्थकांनी नेमका तोच वगळला.

केवळ काळ लोटल्यामुळे असे अर्थांतर होते काय? तसेही नाही. मार्च १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली मिरर' मध्ये फिलिप झेक याने बुडालेल्या जहाजाच्या फळीला कवटाळून समुद्रात पडलेला खलाशी काढला. खाली मथळा : पेट्रोल एका पेनीने महागल्याची सरकारी वार्ता. पेट्रोल माणसांच्या प्राणांच्या मोलाने येते, ते उधळू नका, हा झेकचा आशय. चर्चिलच्या सरकारने मात्र तेच चित्र नफेखोरीचा आरोप म्हणून वाचले आणि पत्र बंद करण्याची ताकीद दिली. वर्तमानपत्र तेच, आठवडा तोच. परंतु मंत्र्याच्या मनातील अर्धा मजकूर वेगळा होता.

ह्याच्या उलट उदाहरण अबू अब्राहम यांचे. आणीबाणीत, १० डिसेंबर १९७५ रोजी, 'इंडियन एक्स्प्रेस' मध्ये त्यांनी राष्ट्रपती स्नानाच्या टबातूनच अध्यादेशावर सही करून कागद बाहेर देत असल्याचे दाखविले. आणखी अध्यादेश असतील तर थोडे थांबावयास सांगा, असा त्यांचा निरोप. फक्रुद्दीन अली अहमद हे नाव न आठवणाऱ्या वाचकासही सहीपुरते उरलेले एक पद तेथे दिसते, कारण टीकेचे प्रमेय कृतीतच रेखाटलेले आहे. उपहासाचा रोख सत्तेवर आहे आणि ती सत्ता दुसरे रूप घेऊन वाचकावर उलटत नाही. येथे अबू शंकरांपेक्षा श्रेष्ठ ठरतात, निदान ह्या एका चित्रापुरते.

गोगलगायीचे चित्र पाठ्यपुस्तकातून काढल्याने विद्यार्थ्याचा लाभ झाला असे मानणे कठीण आहे. परंतु ते पुन्हा वर्गात न्यावयाचे तर एकटे नेऊन चालणार नाही. एका बाजूस २५ नोव्हेंबरचे भाषण हवे, दुसऱ्या बाजूस श्यामसुंदर यांच्या संग्रहातील दहावीस चित्रे. आणि चाबूक कोणावर आहे हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा एवढा वेळ.