जुनी यंत्रे आणि संग्राहकांचा समुदाय

जुन्या गृहोपयोगी वस्तूंचा संग्रह हा सकृद्दर्शनी हौशी माणसाचा छंद वाटतो. अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मूल्य ठरवू लागल्यास मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागतो : वस्तू जतन करणे निराळे आणि तिच्या वापराचे ज्ञान जतन करणे निराळे.

पहिल्या प्रकारचे श्रेष्ठ उदाहरण म्हणजे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तूंना कलावस्तूंची प्रतिष्ठा मिळवून दिली व १९७५ साली आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिव्याचा घाट डोळ्यांना दिसतो. म्हणून तो कपाटातही बोलका राहतो. ग्रामोफोनचे तसे नाही. तो वाजला नाही, तर केवळ एक पेटी होय.

येथे संग्राहकांच्या समुदायाचे प्रयोजन सुरू होते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने श्रवणसभांच्या आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाच्या द्वारे विखुरलेल्या संग्राहकांचे ज्ञान एकत्र आणले. त्या ज्ञानाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. आरंभीच्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. ७० फेऱ्यांची तबकडी ७८ फेऱ्यांनी फिरविल्यास गायकाचा षड्ज जवळजवळ एका पूर्ण स्वराने चढतो आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँ यांचे गाणे आज मुद्रणावाचून ऐकता येत नाही. अशा गायकाविषयीचा निष्कर्ष वेगाची शहानिशा न करता काढला, तर यंत्राचा दोष गायकाच्या माथी बसतो. तबकडीवर कोरलेला क्रमांक, तिच्या इतर प्रती, साथीच्या पेटीचा स्वर यांची तुलना करूनच योग्य वेग ठरविता येतो. आणि ही तुलना एकट्याच्या कपाटातून साधत नाही.

तथापि या समुदायांची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. संग्राहकाची दृष्टी दुर्मिळतेकडे असते. घरोघरी वाजून झिजलेली सामान्य तबकडी तिला उपेक्षणीय वाटते. वस्तुतः लोकांनी काय ऐकले याची साक्ष तीच देते.

वऱ्हाडच्या संदर्भात हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. बडनेरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील जंक्शन असून अमरावतीचा फाटा तेथूनच निघतो. अशा गावी एखाद्या वाड्यात ग्रामोफोन निघाला, तर वैशाखाच्या उन्हाने वाकलेली लाखेची तबकडी दोन सपाट काचांमध्ये ठेवून मंद उष्णतेने सरळ करावी, स्प्रिंगवर घट्ट झालेले वंगण बदलावे, हे संग्राहक सांगू शकेल. परंतु ते यंत्र कोणी आणले, ऐकावयास कोण बसत असे, बायकांना ते केव्हा ऐकावयास मिळे, हे त्या घरातील वृद्धांसच ठाऊक असणार. यंत्र विकले गेले, की ही माहितीही तुटते.

संग्राहकांच्या समुदायाचे चिरस्थायी मूल्य मालकीत नसून परस्परांच्या ज्ञानाची पडताळणी करण्यात आहे. त्या पडताळणीस घरातील स्मृतीची जोड देणे हे विद्यापीठीय संशोधनाचे कार्य होय. ते विलंबाने करण्यासारखे नाही; कारण तबकडीहून माणसाची स्मृती अधिक नाशवंत आहे.