एका वाचकाचा अंक

दिवाळी अंकांची परीक्षणे मी पुष्कळ वर्षे लिहीत आलो आहे. यंदा ज्या अंकाविषयी लिहितो आहे त्याला मुखपृष्ठ नाही, संपादक नाही, आणि त्याची प्रत एकच निघते. मोबाईलवर यूट्यूब उघडताच समोर येणारे पहिले पान, तोच हा अंक. माझा निराळा, शेजाऱ्याचा निराळा.

त्याला कारण घडले. दहावीच्या वर्गात बहिणाबाई शिकवताना मी मुलांना म्हणालो, घरी मोबाईलवर त्यांच्या कविता ऐका. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या मोबाईलवर मराठी येतच नाही." मूळ गाव अमळनेर तालुक्यातले, वडील इथे पांडेसऱ्यातच डाईंग मिलमध्ये, घरात बोलणे अहिराणी. (बहिणाबाईंची बोली अगदी अहिराणी नव्हे, पण शेजघरची.) मग मराठी गेले कुठे?

संध्याकाळी तिचे वडील मोबाईल घेऊन शाळेत आले. पानावर भोजपुरी गाणी, हिंदीतली भांडणे, शेअरबाजाराचे सल्ले आणि कार्टून. मी विचारले, "हे सगळे पाहते कोण?" ते म्हणाले, "खोलीतले सगळेच, सर. फोन एकच आहे ना."

इथेच या अंकाचा पहिला दोष कळतो. यंत्राला माणूस दिसत नाही, खाते दिसते. त्या खात्यावर काय पाहिले, किती वेळ पाहिले, काय शोधले, आणि तेच पाहणाऱ्या इतर लोकांनी पुढे काय पाहिले, यावरून ते पान जुळवते. धाकट्याचे कार्टून, काकाचा शेअरबाजार आणि बापाची गाणी मिळून त्याने एक माणूस तयार केला. तसा माणूस त्या खोलीत राहतच नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. २०१२ पासून यूट्यूबने किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला महत्त्व दिले. म्हणजे थांबणे हेच आवडणे. पण रस्त्यावर भांडण जुंपले तर आपण थांबतोच की! ते आवडते म्हणून नव्हे. खात्री करावी म्हणून मी माझे स्वतःचे पान उघडले. नाट्यसंगीत असेल अशी अपेक्षा होती. निघाल्या वाहिन्यांवरच्या आरडाओरडीच्या चर्चा आणि गुडघेदुखीचे उपाय. खोटे म्हणता येईना, सगळे मीच पाहिलेले होते.

चांगला संपादक वाचकाने न मागितलेले त्याच्या हाती ठेवतो. सोपानदेवांनी आईच्या कविता दाखवल्या तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल जाणले, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' त्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. त्याआधी ती कोणी मागितली होती? अर्थात यंत्राच्या पदरातही माप टाकले पाहिजे. अहिराणीला आमच्या पुण्यामुंबईच्या संपादकांनी कितीशी पाने दिली? 'हाई झुमकावाली पोर' खानदेशाबाहेर पोचले ते याच पडद्यावरून.

तेव्हा अंक बंद करण्यापेक्षा संपादकाची खुर्ची आपण घ्यावी, असे आम्ही ठरवले. कोणते बटण कामाचे, हेही पाहिले पाहिजे. मोझिला संस्थेने २०२२ साली वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने हे तपासले. 'रस नाही' हे बटण दाबून नकोशा शिफारशींपैकी ११ टक्केच टळल्या, नापसंतीच्या अंगठ्याने १२. पाहिलेल्यांच्या यादीतून व्हिडिओ काढल्याने २९, आणि 'या चॅनेलची शिफारस नको' म्हटल्याने ४३. म्हणजे सर्वांत जोराचे बटणही निम्म्याला पुरत नाही. नुसते नको म्हणून भागत नाही, हवे ते पाहावेही लागते.

मुलीसाठी त्याच फोनवर वेगळे खाते काढले. देवनागरीत 'बहिणाबाई' लिहून शोधले आणि एक काव्यवाचन शेवटपर्यंत ऐकले, मध्येच सोडले नाही. दोन मराठी चॅनेलांचे सदस्यत्व घेतले. पाहिल्याची नोंद ठेवणेच बंद करता येते, पण २०२३ पासून जुनी नोंद फारशी नसेल तर पहिले पान जवळजवळ कोरे येते. माझ्या खात्यावर मी तेच केले आहे. सकाळी कोरे पान पाहून बरे वाटते, दुपारी जरा चुकल्यासारखे होते.

आठवड्याने मुलीचे पान पाहिले. बहिणाबाई होत्या, खानदेशातली लग्नाची गाणी होती, एक कीर्तन होते. एक कार्टूनही होते. धाकट्याने ताईचे खाते शोधून काढले होते.

वडिलांच्या खात्याची साफसफाई मी सुरू करणार, तोच त्यांनी हात धरला. "माझी भोजपुरी गाणी राहू द्या, सर. रातपाळीला सोबतच्या भैयाने ऐकवलेली आहेत."

ती राहू दिली. शेअरबाजार तेवढा काढला.