नासासंधान: सुश्रुत, कावसजी आणि एक अनामिक कारागीर

वैद्यकेतिहासावरील आपल्याकडील लेखनात सुश्रुताच्या नासासंधानाचे वर्णन संपले, की पुढच्याच वाक्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचा उल्लेख येतो आणि ती अखंड परंपरेचा पुरावा ठरते. मधल्या दीड हजारांहून अधिक वर्षांत काय घडले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मधील ऑक्टोबर १७९४ चे पत्र या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. कावसजी हा इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा मराठा. टिपूच्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने त्याला नवे नाक दिले ते वीट घडवणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर पसरला, त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधला त्वचेचा दुवा त्याने राखला, कारण त्यातूनच रक्तपुरवठा चालू राहतो. हा दुवा सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडला गेला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय १६) मात्र झाडाच्या पानाचे माप घेऊन गालाची त्वचा वापरण्यास सांगितले आहे. गाल आणि कपाळ हा भेद किरकोळ मानता येणार नाही. परंपरा एकच असेल (आणि ते अशक्य नाही), तर ती कोणाच्या तरी हातून मूलतः बदलली आहे. ही क्रिया पूर्वापार चालत आल्याचे पत्रात म्हटले आहे खरे. परंतु ते पत्रलेखकाचे ऐकीव विधान होय.

जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये कपाळाच्या त्वचेचीच रीत वापरली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. संहितेच्या लॅटिन भाषांतराचे प्रकाशन १८४० च्या दशकात सुरू झाले. म्हणजे युरोपने ‘भारतीय पद्धत’ म्हणून स्वीकारली ती ग्रंथातली नसून विटा घडवणाऱ्याची होती. तरीही आपले लेखक तिचे श्रेय ग्रंथाकडे वळवतात, बहुधा ग्रंथाला कर्ता असतो म्हणून.

त्या प्रकरणात रुग्णाचे नाव उपलब्ध आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो व फिंडले या इंग्रज वैद्यांची नावे आहेत, कावसजीचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही आहे. शस्त्र चालवणाऱ्याची नोंद आहे ती फक्त जातीची.