गृहपाठातला पिस्तुल्या



नागराज मंजुळे हे नाव निघालं की आपली पोरं दोनच गोष्टी सांगतात. 'सैराट'नं किती कोटी कमावले, आन् जेऊरचा गरीब पोरगा कुठल्या कुठं गेला. ह्या दोन्ही गोष्टी प्रस्थापितांच्या सोयीच्या आहेत. गरिबी म्हणजे जणू शर्यतीतला अडथळा. उडी मारली तो हिरो, पडला त्याची चूक. अडथळा कुणी उभा केला, हे विचारायचं नाही. म्हणून कोटींचा हिशेब बाजूला ठेवून त्याच्या विद्यार्थीदशेतल्या फिल्मकडं बघू.

पुण्यात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. वडार समाजातला हा पोरगा तिथून आला नाही. पुणे विद्यापीठात मराठीत एम. ए. केलं आणि नगरच्या (आताचं अहिल्यानगर) न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेला. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' झाली. पदार्पणाच्या लघुपटाचा २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. गृहपाठ म्हणून केलेलं काम देशापुढं गेलं.

गोष्ट साधी. पिस्तुल्याला शाळेत जायचंय आणि पोट त्याला चोरीकडं ढकलतंय. पण 'चोर' हा शब्द त्याच्या कपाळावर कुणी लिहिला? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. गावाच्या नजरेतून मात्र गेला नाही. त्या नजरेसमोर मंजुळे एक लहान पोरगं उभं करतो. ही फिल्मची खरी ताकद.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. आपला माणूस म्हणून नुसत्या टाळ्या वाजवणं ही समीक्षा नव्हे. 'पिस्तुल्या' बघून बघणाऱ्याचा जीव हळहळतो. डोळे पुसून तो घरी जातो, आणि दारात आलेल्या तसल्याच पोराला हाकलतो. करुणा फुकट मिळते, तिला काही किंमत मोजावी लागत नाही.

मंजुळे वाढला तो इथून पुढं. 'फँड्री' (२०१३) मध्ये जब्या डुकराच्या मागं पळतोय आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. मारलेलं डुकर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब दिसतात. देशाचा मान ह्यांनी राखायचा, देशानं ह्यांचा नाही! शेवटी जब्याचा दगड येतो तो थेट आपल्यावर. आता हळहळायची सोय उरलेली नाही. 'पिस्तुल्या'तली विनंती 'फँड्री'त जाब झाली. तीनचार वर्षांत दिग्दर्शकाची भूमिका बदलली. वाढ म्हणायची ती हीच. पुरस्कार हे तिचं माप नव्हे.

आणखी एक. 'पिस्तुल्या'तला सूरज पवार 'फँड्री'त जब्याचा दोस्त पिऱ्या झाला, 'सैराट'मध्ये (२०१६) प्रिन्स. पुढं जाताना मंजुळेनं बरोबरची पोरं सोडली नाहीत. एकटा वर चढला आणि शिडी ओढून घेतली, असले नमुने आपल्या चळवळीतही कमी नाहीत. त्यांनी हे बघावं.

आता आपलं. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. कंधारच्या भुईकोटाचे व्हिडिओ लई निघतात. राष्ट्रकूटांचं नाव येतं, खंदक दिसतो, बुरूज दिसतात. खंदक कुणाच्या हातांनी खणला, दगड कुणी फोडले, त्यांची वस्ती कुठं होती, हे कुणी विचारत नाही. कॅमेरा आपल्या हातात आला, पण नजर अजून राजाचीच आहे. ही अडचण पैशापेक्षा मोठी आहे.

पैसा नाही, कॅमेरा भारी नाही, कुणी शिकवत नाही, ह्या अडचणी खऱ्याच. पण काम वेळही मागतं. रमाबाई नगरात १९९७ साली गोळीबार झाला. त्यावरची आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरी झाली. चौदा वर्षं! आपण चौदा दिवसांत कंटाळतो.

नांदेड जिल्ह्यानं १९७८ ची जाळपोळ सोसली. पोचिराम कांबळेंचा खून ह्याच जिल्ह्यात झाला. नामांतराला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरीकडं झुकलीत. घर कसं जळलं, रात्री कुठं लपलो, कुणी भाकर दिली, कुणी दार लावून घेतलं, हे त्यांना ठाऊक आहे. ती गेली की हे सगळं गेलं. मग दुसरं कुणीतरी येऊन आपल्याबद्दल फिल्म काढणार, आणि आपण तिचा निषेध करत बसणार.

तेव्हा पुढच्या भीमजयंतीच्या आधी प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या माणसापुढं बसावं. मोबाईल स्थिर ठेवावा. मागं गाणं लावू नये. मधे बोलू नये. ती आजी रडली तर तिच्या आसवांवर कॅमेरा रोखू नये, ती काय सांगते ते ऐकावं.

जयभीम.